प्रकल्प 'होल्डवर' गेला की पहिल्या आठवड्यात काय करायचं

आमचं रिफिल मशीन, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाच्या बाटलीत मोजून माल भरून देणारं यंत्र, बंद पडलं, तेव्हा ते बंद पडलं असं कुणी म्हणालंच नाही. मेलमध्ये शब्द होता, 'होल्डवर'. दोन महिन्यांत टीममधले दोघं दुसऱ्या विभागात गेले. तिसऱ्याने नोकरी सोडली आणि त्याचा लॅपटॉप आयटीवाल्यांनी फॉरमॅट करून नव्या मुलाला दिला. भांडुपच्या नऊ दुकानांत आठ महिने घालवून आम्ही जे टिपलं होतं, त्यातलं निम्मं त्या लॅपटॉपमध्ये होतं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

मी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत घरगुती वापराच्या नव्या वस्तूंवर काम करते. डोंबिवली ते विक्रोळी रोजचा प्रवास, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. फसलेले प्रयोग बरेच पाहिले. तुमचा प्रयोग फसला असेल किंवा फसायच्या बेतात असेल, तर पुढचं जरा नीट वाचा.

सगळ्यात आधी तो थांबला आहे हे लेखी घ्या. 'होल्डवर' या शब्दात कुणाचीच अडचण होत नाही, म्हणूनच तो घातक आहे. जे संपलंच नाही त्याची कारणं कोण शोधणार? साहेबांकडून एका ओळीची मेल मागा: 'हा प्रयोग अमुक तारखेला थांबवला, कारणांची नोंद टीम पंधरा दिवसांत देईल.' एवढं पुरतं. फोर्टातल्या बॉम्बे हाउसमधून ज्यांचा कारभार चालतो, त्या टाटा समूहात 'डेअर टू ट्राय' नावाचा पुरस्कार आहे. प्रामाणिकपणे केलेल्या पण यश न आलेल्या प्रयत्नांना तो देतात. तुमच्याकडे पुरस्कार नसेल, पण त्या एका मेलने माणसं मान वर करून बोलायला लागतात, हे मी पाहिलंय.

मग त्याच आठवड्यात जागेवर जा. प्रेझेंटेशन बनवायच्या आधी. एकदा स्लाइड तयार झाली की आपली आठवणही त्या स्लाइडसारखीच होते.

आमच्या डॅशबोर्डवर दिसायचं की सकाळी सात ते साडेनऊ मशीनचा वापर शून्य. आम्ही अर्थ लावला, सकाळी बायका घाईत असतात, बाटली घेऊन कोण येणार. त्यावर सुंदर आलेखही केला होता. बंद झाल्यावर चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा सकाळी साडेसहाला भांडुप गावातल्या एका काकांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तोवरच्या माझ्या सगळ्या फेऱ्या अकरानंतरच्या होत्या. काकांनी काउंटरखाली वाकून दाखवलं. मोकळा प्लग एकच. दुधाच्या पिशव्या संपेपर्यंत तो फ्रिजला, मग मशीनला. मशीन सुरू झालं की पंप आधी स्वतःचं माप तपासून घ्यायचा, त्यात बारा मिनिटं जायची. "ताई, बारा मिनिटं गिऱ्हाईक थांबतंय होय? मी दहाची पुडी द्यायचो," काका म्हणाले. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? "तुमची मुलं यायची, फोटो काढायची, जायची. विचारलं कुणी?"

नऊपैकी पाच दुकानांत प्लगची हीच ओढाताण निघाली.

पण एक कारण सापडलं की हुरळून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी मी दुकानाबाहेर बायकांशी बोलले. आम्ही कमीत कमी माप दोनशे मिली ठेवलं होतं. ज्यांच्या घरी रोजचा पैसा रोज येतो, त्यांना तेवढं एकदम घेणं जड जायचं. प्लगचा दोष हा मांडणीचा, आठवड्यात सुटणारा. मापाचा दोष मुळातल्या समजुतीचा, कारण आम्ही महिन्याचं सामान भरणाऱ्या घराचा विचार करून मशीन बनवलं होतं. ही दोन प्रकारची कारणं दोन वेगळ्या कागदांवर लिहा. एकत्र लिहिलीत तर चांगली कल्पनाही मांडणीच्या चुकीपायी टाकली जाते.

थ्रीएम कंपनीच्या चिकटणाऱ्या पिवळ्या कागदांचं असंच होणार होतं. 1977 मध्ये चार शहरांत ते विकून पाहिले, खप झाला नाही. कुणीतरी नेमका प्रश्न विचारला: लोकांना कागद नको आहेत, की त्यांनी वापरूनच पाहिलेले नाहीत? पुढच्या वर्षी आयडाहोतल्या बॉयसी शहरात फुकट नमुने वाटले, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण पुन्हा घ्यायला तयार होते. 1980 मध्ये ते अमेरिकाभर विक्रीला आले.

आता बैठक. इथे माझी मतं ठाम आहेत. अप्रेझलच्या महिन्यात ही बैठक घेऊ नका. एचआरला बोलावू नका. बोलण्याची सुरुवात सगळ्यात ज्युनियर माणसापासून करा, कारण साहेब एकदा बोलले की बाकीचे माना डोलावतात. 'हे कुणी केलं?' हा प्रश्न बंद. त्याऐवजी विचारा, 'त्या दिवशी तुझ्यासमोर काय माहिती होती?' आमच्या बैठकीत एका मुलाने सांगितलं की प्लगची गोष्ट त्याला तिसऱ्या महिन्यातच कळली होती. त्याने ती रिपोर्टमध्ये लिहिली, वरच्याने 'किरकोळ' म्हणून काढून टाकली. ती काढणारी मी होते. मी ते तिथल्या तिथे कबूल केलं आणि त्यानंतरच बाकीचे खरं बोलायला लागले.

साहेब मंडळींनी इथे सतीश धवन यांची आठवण ठेवावी. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष धवन, आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. वरचा माणूस असं छत्र धरतो, तेव्हाच खालचा माणूस गळती नेमकी कुठे झाली ते सांगतो.

नोंद दोन पानांची ठेवा. पहिल्या पानावर काय समजत होतो आणि काय निघालं. दुसऱ्यावर दुकानदारांची, गिऱ्हाइकांची वाक्यं, त्यांच्याच शब्दांत. 'पॉवर अव्हेलेबिलिटी इश्यू' असं लिहिलंत तर कुणाला काही कळणार नाही. 'प्लग एकच, दूध संपेपर्यंत फ्रिजला' असं लिहा. फाइल एका माणसाच्या लॅपटॉपवर ठेवू नका, आणि खाली ज्याला विचारता येईल अशा माणसाचं नाव द्या.

पुढचा प्रयोग सुरू करताना मात्र एक ओळ आधीच लिहून ठेवा: कोणत्या तारखेपर्यंत काय दिसलं नाही तर थांबायचं. सुरुवातीला ती लिहायला पाच मिनिटं लागतात. सहा महिन्यांनी कुणाचाच हात धजत नाही.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या विभागातल्या एका मुलीचा फोन आला. त्यांना दुकानांत पाण्याचं मशीन लावायचं होतं, माझी दोन पानं तिच्या हाती पडली होती. "मॅडम, ते काका अजून दुकानात असतात का?" मी म्हटलं, असतात, पण साडेसहाला यावं लागेल. ती आली, छत्री टपकत होती. काकांनी काही न बोलता वाकून फ्रिजचा प्लग दाखवला. तिने गुडघ्यावर बसून वहीत त्याचं चित्र काढलं.