रिम लहान केलं तरी गाडी आपटतेच? या चुका टाळा

घोडबंदर रोडवर रोज ये-जा करणारी माणसं आमच्या अलाइनमेंटच्या दुकानात येतात आणि गाडीतून उतरता उतरताच म्हणतात, "सोळाचे काढा, पंधराचे टाका. कंबर गेली." म्हणजे सोळा इंची रिम काढून पंधरा इंची बसवा, की त्यावर जाड टायर बसेल. मागणी चुकीची नाही. मेट्रोच्या कामाने उखडलेला सर्व्हिस रोड, खचलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्यापेक्षा खाली गेलेली गटाराची झाकणं, यांवर पातळ टायर टिकत नाही आणि आत बसलेल्या माणसालाही सुख देत नाही. राग येतो तो पुढच्या घाईचा. संध्याकाळी ठरवायचं आणि सकाळी बसवून मोकळं व्हायचं!

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रिम एक इंच लहान करायचं, पण टायरवरचे बाकीचे आकडे तेच ठेवायचे. मागे वाघबीळकडचे एक काका आले होते. गाडीला कंपनीचे १९५/५५ आर१६ टायर होते. दुसऱ्या एका दुकानदाराने त्यांना पंधराचं रिम आणि त्यावर १९५/५५ आर१५ टायर दिले. नंबर तोच आहे, बिनधास्त राहा म्हणाला. काकांची तक्रार होती की धक्के पूर्वीइतकेच बसतात आणि सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरला आता गाडी खालून घासते.

घासणारच. १९५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आर१६ म्हणजे सोळा इंची रिम, आणि ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के साइडवॉल, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर, मग रिम सोळाचं असो की पंधराचं. म्हणजे धक्का खाणारं रबर कणभरही वाढलं नाही, फक्त गाडी जवळजवळ १३ मिलिमीटर खाली बसली. टायरचा घेर चार टक्के कमी झाल्यामुळे काट्यावर १०० दिसताना गाडी पूर्वीच्या हिशोबाने ९६ नेच पळत होती आणि किलोमीटर उगाच जास्त मोजले जात होते. आम्ही त्याच रिमवर १८५/६५ आर१५ चढवले. याची साइडवॉल १२० मिलिमीटर आणि पूर्ण उंची ६२१, म्हणजे मूळ टायरइतकीच. एका बाजूला १३ मिलिमीटर रबर वाढलं आणि गाडी पुन्हा वर आली. काकांचे जवळजवळ नवे टायर मात्र निम्म्या भावात गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. कागदावर दोन मिनिटं गुणाकार केला असता तर ते पैसे वाचले असते.

माझा नियम सरळ आहे. त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनी जी साइज देते, तीच घ्यायची. उंचीत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक मी बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

दुसरी चूक थेट ब्रेकशी खेळते. वरच्या व्हेरिएंटला ब्रेकची डिस्क मोठी असेल तर लहान रिम कॅलिपरला, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला घासतं. कधी रिम घासत नाही, पण आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन अडतं आणि निघून जातं. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक अलाइनमेंटला दोष देतात. रिम घासत असेल तर स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे घालायची चकती, टाकून जागा करून देणारे पुष्कळ आहेत. मी स्पेसरला हात लावत नाही. घोडा खाली बसवण्यासाठी पाय कापायचा तो प्रकार.

त्यापेक्षा खरेदीआधी डिकी उघडा. अलॉय सोळाचं असलं तरी बऱ्याच गाड्यांची स्टेपनी पंधराच्या लोखंडी रिमची असते. ती पुढच्या चाकाच्या जागी लावा, नट हाताने आवळा आणि गाडी जॅकवर असतानाच चाक पूर्ण फिरवून बघा. फुकटात अर्धं उत्तर मिळतं. अर्धंच, कारण विकत घेणार ते अलॉय आतून वेगळ्या आकाराचं असू शकतं. म्हणून तेही तसंच फिरवून बघितल्याशिवाय त्यावर टायर चढवू देऊ नका.

पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक, तिन्ही जुळलं पाहिजे. भोक मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घाला.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०.

जुने नट नव्या रिमला चालतीलच असं नाही. निमुळत्या बैठकीच्या रिमला गोल बैठकीचा नट लावला तर तो सैल होतो.

आता हवेबद्दल, कारण चाकं बदलायला आलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं तिथेच निघतं. पंपावर न विचारता ३८-४० पीएसआय भरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर ३२ म्हणत असेल तर ४० च्या हवेत कुठलाही टायर दगडच होणार. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. ठाण्याहून वाशीपर्यंत जाऊन मोजलीत तर टायर गरम होऊन तीन-चार पीएसआय जास्तच दिसेल. आणि उलटं टोकही नको. मऊ चालावी म्हणून २५ वर ठेवून एक्स्प्रेसवेला १०० ने जाणारे लोक मला घाबरवतात. कमी हवेत साइडवॉल सारखी मुडपते, तापते आणि फुटते. नायट्रोजनने गाडी मऊ होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हवा बरोबर असूनही खडखड येत असेल तर आधी शॉकअप गळतोय का, सस्पेन्शनचे रबरी बुश फाटलेत का ते बघा. तिथे बिघाड असेल तर नव्या रिमचा खर्च वाया जातो.

साइडवॉल वाढली की वळणावर गाडी थोडी जास्त झुकते, स्टिअरिंग किंचित सैल लागतं. गायमुखच्या घाटात पहिल्यांदा जाल तेव्हा वेग आवरा. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या.