पहिली कादंबरी अचानक खपते तेव्हा

प्रकाशनाच्या कामात नव्याने आलेले बहुतेक जण खपाचं गणित पहिल्या आठवड्यात शोधतात. पहिल्या कादंबरीच्या बाबतीत ते तिथे क्वचितच सापडतं. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. ज्यांनी वाचलं ते दुसऱ्यांना सांगतात, आणि त्यात काही महिने जातात. तेवढे दिवस पुस्तक दुकानात टिकलं पाहिजे.

स्टीफन किंग यांची ‘कॅरी’ १९७४ साली पुठ्ठाबांधणीत निघाली, तेव्हा सुमारे १३,००० प्रती खपल्या. पुढच्या वर्षी आलेल्या पेपरबॅकने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मजकूर तोच होता. किंमत उतरली आणि पुस्तक जास्त ठिकाणी मिळू लागलं. खालिद होसैनी यांची ‘द काइट रनर’ (२००३) हीसुद्धा पेपरबॅक आल्यावरच वाचकगटांतून खरी पसरली.

टॉम क्लॅन्सी यांची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ (१९८४) वेगळ्या वाटेने गेली. ती छापली नौदलविषयक पुस्तकं काढणाऱ्या नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने. पाणबुड्यांची बारीकसारीक माहिती पारखू शकणारा वाचक या प्रकाशनाकडे आधीपासून होता. पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर कौतुक केलं, पण कादंबरी त्याआधीच योग्य हातांत पोचली होती. म्हणून हस्तलिखित स्वीकारतानाच विचारा: हे पुस्तक सर्वांत आधी कोण वाचेल? ‘सगळे’ हे उत्तर आलं तर पुन्हा विचार करा. त्या वाचकांपर्यंत आगाऊ प्रती प्रकाशनाच्या तीन-चार महिने आधी गेल्या पाहिजेत.

आता आकडे. दुकानांत पाठवलेली प्रत ही विकलेली प्रत नव्हे. न खपलेल्या प्रती परत येतात, तेव्हा पहिल्या महिन्याचा आनंद मावळतो. पाहायची ती दुकानांची फेरमागणी. समजा, एका पुस्तकाची आठवड्याची विक्री ८००, ३००, १५० अशी आहे आणि दुसऱ्याची ९०, ११०, १४०. लक्ष दुसऱ्याकडे द्या. पहिल्याला प्रसिद्धीने ढकललंय, दुसऱ्याला वाचक पुढे नेतायत. सगळा प्रसिद्धीखर्च प्रकाशनाच्या आठवड्यातच संपवला, तर अशा पुस्तकासाठी हातात काहीच उरत नाही.

सर्वांत मोठं नुकसान मात्र पुनर्मुद्रणात होतं. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक यांत सहज तीन आठवडे जातात. मागणी चढत असताना पुस्तक मिळेनासं झालं, तर वाचक वाट बघत नाही, दुसरं काहीतरी घेतो. उरलेल्या प्रती सध्याच्या वेगाने सहा आठवडे पुरतील एवढ्यावर आल्या की छापायला द्या. एकदम मोठी आवृत्ती काढण्यापेक्षा लहान लहान दोन काढा. प्रतीमागे खर्च थोडा वाढतो, पण गोदामात गठ्ठे पडून राहत नाहीत.

मलपृष्ठावरचा मजकूरही तपासा. वाचकाला मित्राला एका वाक्यात सांगता येईल अशी गोष्ट तिथे हवी. ‘मानवी नात्यांचा हृद्य शोध’ असलं वाक्य कुणी कुणाला सांगत नाही.