“हात लावू नका” म्हणणाऱ्यांच्या गराड्यात सीपीआर कसा द्यायचा

मी सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवते. पुतळ्याची छाती दाबायला सगळे पुढे येतात, खरा माणूस कोसळला की हात मागे राहतात. आमचे शेजारी जिन्यात कोसळले तेव्हा भोवती सात-आठ जण होते आणि जो तो म्हणत होता, “हात लावू नका, डॉक्टर येऊ देत.”

आधी खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलंय असं धरून चला. नाडी शोधत बसू नका. मधूनच आचके येतात, घोरल्यासारखा आवाज होतो. लोक म्हणतात, “श्वास चालू आहे की!” तो श्वास नव्हे.

“कोणीतरी फोन करा” म्हटलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. एकाकडेच बोट दाखवा: “अहो, निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा, फोन स्पीकरवर ठेवा.” दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पाठवा. जिन्यात सर्वांत जोरात अडवणारे गृहस्थच काम मिळाल्यावर धावले.

माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एक तळहात, त्यावर दुसरा. कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास द्यायला मन धजत नसेल तर नुसतं दाबत राहा. लहान मुलांना आणि बुडालेल्यांना मात्र श्वासही हवा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

“बरगडी मोडली तर?” हा प्रश्न दर वर्गात येतो. मोडू शकते, आवाजही येतो. बरगडी जुळते. सीपीआरविना मात्र दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

बाई कोसळली तर लोक आणखी बिचकतात. सार्वजनिक जागी बायकांना सीपीआर कमी मिळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. जागा तीच, दाब तोच, कपड्यांवरूनही चालतं. एईडीचे पॅड मात्र उघड्या त्वचेवर लागतात; तेव्हा बघ्यांना पाठ करून भोवती उभं करा. एक बाई म्हणून सांगते, आम्हाला वाचवताना संकोचू नका.

व्यक्ती हालचाल करू लागली, नीट श्वास घेऊ लागली किंवा रुग्णवाहिकेच्या लोकांनी ताबा घेतला की थांबा. नंतर हात कापतात, रडू येतं. शेजारी वाचले नाहीत. रात्री त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, “कोणी काही केलं होतं ना?” मला हो म्हणता आलं.