पाहुण्यांसाठी चीज भरलेले मशरूम: तव्यावर, पाणी न सुटू देता

संध्याकाळी पाहुणे आले की लातूरला आमच्या घरी भजी नाहीतर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला घातलेले चुरमुरे, ठरलेली. आता त्यात भरलेल्या मशरूमची भर पडली आहे. चहाच्या आधी एकेक उचलून तोंडात टाकता येतात, आणि तयारी सकाळीच करून ठेवली तर पाहुण्यांना सोडून ओट्याशी उभं राहावं लागत नाही.

पहिल्या वेळी मात्र माझे मशरूम साफ बिघडले होते. कच्च्या वाट्यांमध्ये सारण भरलं, झाकण ठेवलं आणि दहा मिनिटांनी उघडून बघते तर तव्यात पाण्याचं तळं आणि त्यात चीज तरंगतंय. सासूबाईंनी तोवर कधी मशरूम तोंडातही घातला नव्हता, पण त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पाणी सुटायलंय त्याला. मुळ्याचा कीस कसा आधी पिळून घेतो आपण, तसं ह्याचंबी पाणी आधी काढ की. अन् सारणात येसर टाक, ओढून घेतंय ते." येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ. या पदार्थाचं सगळं मर्म सासूबाईंच्या त्या बोलण्यात आहे. शंभर ग्रॅम मशरूममध्ये ९० ग्रॅमच्या वर पाणीच असतं. ते भरण्याआधी बाहेर काढायचं आणि मागे राहील तेवढं शोषायला सारणात काहीतरी कोरडं ठेवायचं.

साहित्य (सहा-सात जणांसाठी)

पांढऱ्या बटन मशरूमची २०० ग्रॅमची दोन पाकिटं, म्हणजे साधारण २५ नग. १०० ग्रॅम पनीर, चीजचे २ क्यूब, एक मध्यम कांदा, लसणाच्या ६-७ पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. २ चमचे ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा चुरा, १ चमचा येसर, करडईचं तेल आणि मीठ.

भाकरीचा चुरा ब्रेडच्या चुऱ्याऐवजी आहे आणि मला तोच जास्त आवडतो. शिळी भाकरी मंद तव्यावर पापडासारखी कडक होऊ द्यायची, मग मिक्सरमधून रवाळ काढायची. येसर घरात नसेल तर भाजलेलं बेसन चालेल, पण भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा खमंगपणा त्याला येत नाही.

चीजबद्दल थोडं सविस्तर सांगते. नुसतं मोझरेला भरलं तर गरम असताना छान तार सुटते, पण ते वितळून वाटीबाहेर ओघळतं आणि गार झालं की रबरासारखं लागतं. पाहुण्यांमध्ये बशी गप्पांच्या नादात पाच-दहा मिनिटं तशीच राहते, हे धरूनच चालायचं. साधं प्रोसेस्ड चीज गार झाल्यावरही मऊ राहतं. पनीर वितळत नाही, म्हणून ते सारणाला धरून ठेवतं. दोन्ही एकत्र केलं की काम होतं.

मशरूम निवडताना

टोपी घट्ट मिटलेली, पांढरी आणि कोरडी हवी. हाताला बुळबुळीत लागला किंवा वास आला तर टाकून द्या. एका आकाराचे निवडा, म्हणजे सगळे एकाच वेळी शिजतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा पाकीट बाजारातून सरळ घरी आणून, मशरूम कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे. बंद प्लास्टिकमध्ये ते घामेजतात. आणि पावसाळ्यात बांधावर उगवलेल्या छत्र्या कितीही सुंदर दिसल्या तरी ओळख नसेल तर आणू नका. काही विषारी जातींचं विष शिजवूनही जात नाही.

कृती

मशरूम ओल्या फडक्याने पुसून घ्या. माती जास्त असेल तर नळाखाली झटकन धुऊन लगेच टिपा, पाण्यात भिजत ठेवू नका. देठ धरून हलकेच पिळला की अख्खा सुटून येतो आणि खाली वाटी राहते. देठ टाकू नका, बारीक चिरून सारणात घ्या.

कढईत चमचाभर तेलात लसूण, मिरची, कांदा आणि मग देठ परता. आधी देठांना पाणी सुटेल, कढई चुरचुरायला लागेल. तो आवाज थांबून देठ कढईच्या तळाला चिकटायला लागले की पाणी आटलं समजा. गॅस बंद करून येसर घाला. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर पनीर कुस्करून, चीज किसून, भाकरीचा चुरा आणि कोथिंबीर मिसळा. मीठ अगदी शेवटी, चव घेऊन. चीजमध्ये मीठ असतंच, बऱ्याच घरांच्या येसरातही असतं.

आता वाट्या. बिडाचा किंवा लोखंडी तवा चांगला तापवा, थोडं तेल फिरवा आणि वाट्या पालथ्या ठेवा, पोकळ बाजू खाली. मध्यम आचेवर ३-४ मिनिटं, झाकण न ठेवता. या वेळी मीठ भुरभुरू नका. कडेने पाणी सुटून तव्यावर आटत जाईल आणि कडा तपकिरी होतील. मग उलटवा. पोकळीत थेंब साचले असतील तर चिमट्याने उचलून निथळा, नाहीतर कापडाने टिपा.

प्रत्येक वाटीत सारण दाबून, वर छोटा डोंगर येईल इतकं भरा. आच मंद करून झाकण ठेवा, ४-५ मिनिटं. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी सारणावर ठिबकत नाही. शेवटचं मिनिटभर झाकण काढून ठेवा.

ओव्हन असेल तर २०० अंशांवर आधी पालथ्या वाट्या १० मिनिटं, मग भरून आणखी १०-१२ मिनिटं. पण ऐन पाहुण्यांच्या वेळी लाइट गेली तर पंचाईत, म्हणून माझा भरवसा तव्यावरच.

पाहुण्यांच्या आधी

सारण सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, वाट्याही पोकळ करून ठेवता येतात. मात्र भरून ठेवू नका, मिठाने पाणी सुटायला लागतं. पाहुण्यांनी पायावर पाणी घेतलं की तवा चढवायचा, एवढा वेळ पुरतो.

आणि बोलावतानाच विचारून घ्या. आपल्याकडची बरीच जैन घरं मशरूम खातच नाहीत, चातुर्मासात काहींना कांदा-लसूण चालत नाही. कांदा-लसूण नको असेल तर आलं आणि भाजलेल्या तिळाचा कूट घाला, सारण फिकं लागत नाही.

वाढताना वर लिंबू पिळा, सोबत शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून द्या. सारण उरलंच तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी धपाट्याच्या पिठात मळून टाकते. मुलं डब्यात आनंदाने नेतात.