कंटेनरमधल्या डिरेक्टरी सर्व्हरला स्वतःचे प्रमाणपत्र

'३८९ डिरेक्टरी सर्व्हर' (वापरकर्त्यांची खाती एका जागी ठेवणारा सर्व्हर) कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र बंदिस्त पॅकेजमध्ये, चालवल्यास तो आपली ओळख पटवण्यासाठी आपले आपणच तयार केलेले प्रमाणपत्र वापरतो, त्यामुळे सर्व्हर बेळगावला आणि शाखा खानापूर-निपाणीला असल्या की शाखांतले संगणक सुरक्षित जोडणी नाकारतात. त्याऐवजी संगणकांना मान्य असलेले प्रमाणपत्र बसवण्यासाठी कंटेनरच्या आत शिरून खटपट करण्याची गरज नाही.

'डेटा' व्हॉल्यूममध्ये (कंटेनरचा डेटा कायम साठवण्याची जागा, /data) 'टीएलएस' (tls) फोल्डर करून त्यात पेम (PEM, मजकुराच्या रूपातील) स्वरूपातील की (प्रमाणपत्राची गुप्त किल्ली) आणि प्रमाणपत्र या दोन्ही फाइली 'सर्व्हर' याच नावाने, अनुक्रमे 'की' व 'सीआरटी' या एक्स्टेन्शनसह (server.key, server.crt) ठेवाव्यात. सीएची (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) प्रमाणपत्रे त्यातल्याच 'सीए' (ca) उपफोल्डरात ठेवावीत. मग कंटेनर रीस्टार्ट करावा. या फाइली कंटेनर सुरू होतानाच वाचल्या जात असल्याने प्रमाणपत्राच्या नूतनीकरणानंतरही रीस्टार्ट लागतोच.

शाखेतल्या संगणकांत सर्व्हरचे जे नाव भरलेले असेल, तेच प्रमाणपत्रात हवे. तिथे नुसता आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकलेला असल्यास आणि तो प्रमाणपत्रात नसल्यास तपासणी फसते.