संस्थेत फॅमिली थेरपीचा कार्यक्रम उभा करताना

समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून मुंबईतल्या संस्थेत लागलात आणि 'आपल्याकडे फॅमिली थेरपी (एकट्या मुलाऐवजी सगळ्या कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार) सुरू करायची आहे, तू बघ' असं काम अंगावर आलं, तर लगेच प्रशिक्षणाच्या मागे लागू नका. आधी संस्थेचं वेळापत्रक आणि निधीच्या प्रस्तावातले आकडे बघा. कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

वागणुकीच्या गंभीर अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांसाठीच्या दोन पद्धती जास्त ओळखीच्या आहेत. फंक्शनल फॅमिली थेरपीत साधारण 8 ते 12 सत्रं होतात, अवघड कुटुंबात 30 पर्यंत. मल्टिसिस्टेमिक थेरपीत कार्यकर्ता 3 ते 5 महिने घरी जातो, एका वेळी 4 ते 6 कुटुंबंच घेतो आणि टीममधलं कोणीतरी चोवीस तास फोनवर असतं. दोन्ही परवान्याच्या पद्धती आहेत. पुस्तक वाचून ते नाव लावता येत नाही.

आता हिशोब करा. हातात 5 कुटुंबं, प्रत्येकी 4 महिने, म्हणजे वर्षाला एका कार्यकर्त्याकडून 15. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या) फॉर्मवर 'लाभार्थी 300' लिहून बसलात, तर आकडा गाठायला केसेस वाढतात, आठवड्याची भेट महिन्यावर जाते आणि उरतं ते नेहमीचंच समुपदेशन. म्हणून प्रस्तावातच 15 लिहा आणि मोजायचं काय तेही लिहा: शाळेतली हजेरी, मुलाने घराबाहेर घालवलेल्या रात्री, पोलिसांकडे गेलेली प्रकरणं. देणगीदाराला हे पटवणं वरिष्ठांचं काम आहे, पण हिशोब तुम्हीच मांडून द्या.

कामाची वेळ दहा ते सहा असेल तर वडील कधीच भेटणार नाहीत. आठवड्यातून दोन संध्याकाळ आणि रविवार धरा, बदली सुट्टी लेखी घ्या. वडिलांना आईकरवी निरोप पाठवू नका, स्वतः फोन करा. निरोपातून गेलेलं बोलावणं त्यांना तक्रारीसारखं ऐकू येतं. केसेस रेल्वेच्या लाइनप्रमाणे वाटा. हार्बरवरचं गोवंडी आणि वेस्टर्नवरचं नालासोपारा एकाच दिवशी एकाच माणसाकडे दिलंत, तर दुसरी भेट हमखास रद्द होते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, तेव्हा बालवाडीची किंवा समाजमंदिराची खोली आधीच ठरवून ठेवा.

सत्रात सर्वात जास्त चुकतं ते घाईमुळे. दुसऱ्याच भेटीत 'मोबाइलची वेळ ठरवा' असे सल्ले सुरू होतात. एकमेकांवरचा दोषारोप उतरल्याशिवाय नियम टिकत नाहीत. पहिली काही सत्रं त्यासाठीच ठेवा. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. मुलाचं लैंगिक शोषण कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, ही गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीबरोबर केसेसची चर्चा, आठवड्याला दीड-दोन तास ठेवा, आणि ते रजा-अहवालांच्या मीटिंगमध्ये मिसळू देऊ नका. महिन्यातून एकदा त्या केसशी संबंध नसलेल्या व्यक्तीने पालकांना फोन करून सत्रात नेमकं काय होतं ते विचारावं. पद्धत सुटत चालल्याचं तिथेच आधी कळतं.

मे महिना आणि गणपतीत कुटुंबं गावी जातात. नवी केस एप्रिलमध्ये उघडू नका. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर घ्या.