मटणातले जिवाणू २४ तासांत कसे मोजायचे

ॲगर प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) एकूण जिवाणूंचा आकडा यायला दोन-तीन दिवस लागतात; तोवर माल विकलाही जातो. म्हणून जिवाणूंचं सुकं खाद्य (माध्यम) चढवलेली, २४ तासांत निकाल देणारी पेट्रिफिल्म ही तयार पातळ फिल्म वापरा.

नमुना ० ते ४ अंशांवर, बर्फात आणा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पिशवी तासभर उघडी राहिली तर तुम्ही दुकानातलं नव्हे, वाटेत बिघडलेलं मटण मोजाल.

चार-पाच ठिकाणांहून मिळून २५ ग्रॅम घ्या. जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात; आतलेच तुकडे घेतले तर आकडा फसवा कमी येतो. जाळीच्या स्टोमॅकर पिशवीत (नमुना यंत्रात घुसळायच्या पिशवीत) २२५ मिली निर्जंतुक पेप्टोन-सलाइन (पेप्टोन ०.१ टक्के, मीठ ०.८५ टक्के) घालून मिनिटभर घुसळा. हे १:१० द्रावण. पुढे १ मिली ९ मिलीत टाकत १:१०,००० पर्यंत जा, दर वेळी पिपेटला नवी टिप लावून. सायट्रेट असलेलं बफर मात्र नको, फिल्मवरची वाढ खुंटते.

फिल्म सपाट ओट्यावर ठेवा, मधोमध द्रावणाचा १ मिली सोडा, वरचा पापुद्रा हळू टेकवा. आपटलात की हवेचे बुडबुडे अडकतात. स्प्रेडर (द्रावण पसरवायची चकती) दाबा आणि जेल बसेपर्यंत मिनिटभर हलवू नका. मग इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) ३५ अंशांवर २४ तास.

फ्रिजमधल्या मटणाला हे पुरत नाही. थंडीत वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू ३५ अंशांवर नीट वाढत नाहीत. तिथे २४ तासांची नव्हे, साधी एकूण जिवाणूंची फिल्म ३० अंशांवर ७२ तास ठेवावीच लागते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. उन्हाळ्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर तो ३० वर येणारच नाही. त्यासाठी थंडही करणारा, कॉम्प्रेसरचा बीओडी इन्क्युबेटर लागतो.

साध्या फिल्मवर लहान-मोठे सगळे लाल ठिपके मोजा. २५ ते २५० ठिपक्यांचीच फिल्म धरा. १:१,००० वर ८४ ठिपके म्हणजे ग्रॅममागे ८४,०००. सगळी फिल्म गुलाबी झाली किंवा मध्य कोरा आणि कडेला गर्दी दिसली, तर तो शून्य नव्हे, अतोनात वाढ आहे. पुढचं विरळ द्रावण बघा.

एटीपी (सजीव पेशींतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) मोजणारा मीटर सेकंदांत आकडा देतो, पण मांसाच्या पेशींतही एटीपी असतो आणि तोही त्यात मोजला जातो. तो सुरी, ओटा, हुक धुतल्यावर तपासायला वापरा.